हरवलेल्या तळ्याचा ठाव

पेण आणि रोहा या दोन्ही गावांच्या दाराशी पाणी आहे, आणि दोन्ही गावांची तहान त्या पाण्याने कधी भागली नाही. भोगावती धरमतरच्या खाडीकडे जाते, कुंडलिका रेवदंड्याकडे. भरती या नद्यांतून वर चढते आणि गावे वसली ती तिच्या टोकाशी, कारण गलबते तिथवर येत. पेणला अंतोरे हे बंदर, रोह्याला नदीपलीकडची अष्टमी. भात आणि मीठ मुंबईला न्यायचे तर खारे पाणी जवळ हवे, आणि माणसे जगवायची तर गोडे पाणी दुसरीकडून आणायला हवे. खाडीकाठच्या गावाला जसे बंदर लागते तसे तळेही लागते. बंदर लोकांच्या लक्षात राहते. तळे राहत नाही.

म्हणूनच इकडच्या इतिहासप्रेमी मंडळींत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो : गावाला पूर्वी पाणी देणारा जुना तलाव नेमका कुठे होता? प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणाऱ्या उत्तरांची घडण मात्र तपासायला हवी, कारण ती जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. कुठल्या तरी जुन्या ग्रंथातली एक ओळ, गावाजवळचे 'तळ'ने सुरू होणारे एखादे नाव आणि वयस्कर माणसाची आठवण, अशा तीन काड्यांवर छप्पर घातले जाते. पहिल्या लेखात 'तलाव येथे असावा' असे असते. दुसऱ्या लेखात 'तलाव येथे होता असे मानतात' असे होते. तिसऱ्यात, बहुधा एखाद्या स्मरणिकेत, 'तलाव येथे होता'. पुरावा पहिल्या लेखानंतर तसूभरही वाढलेला नसतो. वाढले ते फक्त क्रियापद. 'असावे' हे मराठी संशोधनातले सर्वांत प्रामाणिक क्रियापद आहे आणि सर्वांत आधी बळी जाते तेही तेच.

अंदाज करू नये असे मला म्हणायचे नाही. नाहीशा झालेल्या तळ्याबाबत अंदाजाखेरीज हाती काय असणार? पण अंदाजालाही क्रम असतो. आपल्याकडे तो उलटा लावला जातो : आधी नाव, मग दंतकथा आणि शेवटी, जमल्यास, पाणी. मला वाटते सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी.

त्याआधी शब्दाचा घोळ निस्तरू. जुन्या कुलाबा जिल्ह्याविषयी (रायगड हे नाव १९८१ चे) कोणी काही लिहू लागला की त्याचा हात प्रथम जातो जेम्स कॅम्बेल यांच्या गॅझेटियरकडे. त्याचा 'कुलाबा आणि जंजिरा' हा खंड १८८३ चा. सुधारित आवृत्ती १९६४ ची, आणि स्थलवर्णनांत जुन्या खंडाची छाया तिच्यावर जागोजाग आहे. या इंग्रजी ग्रंथांत पाण्याच्या साठ्यासाठी तीन-चार शब्द येतात : टँक, रिझर्व्हॉयर, सिस्टर्न, पाँड. मराठीत उतरताना या सगळ्यांचा 'तलाव' होतो. इथेच अर्धी दिशाभूल झालेली असते. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तलाव म्हटले की पसरलेले पाणी, पायऱ्या, काठावरचे देऊळ येते. इंग्रज अधिकाऱ्याचा 'रिझर्व्हॉयर' मात्र ओढ्यात घातलेली चार फुटी भिंत आणि तिच्यामागे तुंबलेले पाणी एवढाही असू शकतो. गावात नळ आणून सोडलेला चिरेबंदी हौदही असू शकतो. गडावरचे खोदीव टाकेही असू शकते. आपल्या भाषेत यांना वेगवेगळी नावे आहेत आणि ती उगाच नाहीत. टाके कातळात खोदतात, हौद बांधतात, तळे जमिनीत खणतात, बंधारा प्रवाहात घालतात, पुष्करिणी देवळापुढे असते. चौलच्या रामेश्वरासमोरची पुष्करिणी पाहिलेला माणूस तिला धरण म्हणणार नाही. गंमत अशी की 'टँक' हा शब्दच गुजराती-मराठी 'टांके'वरून इंग्रजीत गेला की पोर्तुगीजांकडून, यावर हॉब्सन-जॉब्सन या कोशाच्या कर्त्यांनी १८८६ मध्येच खल केला आहे. शब्द आपल्याकडून तिकडे गेला असेल तर परत येताना तो अर्थ सांडून आला, एवढे नक्की.

ग्रंथात 'रिझर्व्हॉयर' दिसला की आधी विचारायचे ते हे : काय शोधायचे आहे, पसरलेले पाणी की भिंत?

थोडा हिशेब करून पाहू. समजा आठ हजार वस्तीचे गाव आहे. माणशी रोज वीस लिटर, म्हणजे पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम आंघोळ, एवढेच धरले तर दिवसाला १,६०,००० लिटर लागतात. कोकणात पाऊस सरल्यावर पुढचा पाऊस येईपर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. गुणाकार होतो तीन कोटी चौऱ्याऐंशी लाख लिटर. हे पाणी सरासरी दोन मीटर खोलीच्या तळ्यात साठवायचे तर जवळजवळ पावणेपाच एकर जागा हवी. शिवाय आठ महिन्यांत उन्हाने मीटरभर पाणी सहज उडते. ते धरले तर खोली वाढवा नाही तर जागा दुप्पट करा. एवढे तळे बाजारपेठेच्या मागे, आळीच्या टोकाला किंवा देवळाच्या आवारात मावत नाही. म्हणजे 'जुना तलाव इथे होता' असे सांगून जिथे अर्ध्या एकराचा खळगा दाखवतात, तिथे गावाची गुरे पाणी पीत असतील, बायका धुणे धूत असतील, गणपती विसर्जन होत असेल, पण गावाचा पाणीपुरवठा तिथून होत नव्हता. तळे खरे, दावा खोटा.

हा हिशेब एक अट धरून आहे : वर्षाचे सगळे पाणी साठवायचे. डोंगरातला ओढा फाल्गुनापर्यंत वाहत असेल तर एवढ्या साठ्याची गरजच नाही. मग प्रवाह अडवून नळाने आणला की काम भागते आणि साठा लागतो तो शेवटच्या दोन-तीन महिन्यांचा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर रान असलेला डोंगर, खाली गाव : अशा ठिकाणी शहाणा माणूस तळे खणण्याआधी ओढा अडवील. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मग खरा अडथळा येतो, आणि तो कागदावरचा नाही, जमिनीवरचा आहे. आज दिसणारी नदी ही कालची नदी नव्हे.

रोह्याला कुंडलिकेच्या पुलावर ऐन एप्रिलमध्ये उभे राहिलात तर वरून येणारे गोडे पाणी पाहून कोणीही विचारील, एवढी नदी असताना या गावाला तळे कशाला हवे होते? पण हे पाणी कुंडलिकेचे नाही. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात येते, वीज करून झाली की कुंडलिकेत सोडले जाते, आणि खाली डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडून कालव्यांत जाते. भिऱ्याचे वीजघर १९२७ चे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मुळशी पेट्याच्या मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, तो हे पाणी अडवण्याविरुद्ध होता. घाटावरच्या गावांची बुडालेली शेते आणि कोलाडजवळ आज चालणाऱ्या राफ्टिंगच्या होड्या या एकाच पाण्याच्या दोन कडा आहेत. रोह्याचा जुना पाणीसाठा शोधायचा तर आधी मनातल्या मनात भिऱ्याचे दार बंद करावे लागते. मग उरते कोकणातली कोणतीही छोटी नदी असते तशी : आषाढात दोन्ही काठ खाणारी, माघापासून रोडावणारी, आणि जसे वरचे पाणी कमी होते तसे खालून भरतीला जास्त आत घेणारी. त्या नदीच्या काठच्या गावाला तळे हवेच.

पेणलाही हेच. वरच्या अंगाला हेटवण्याचे धरण झाल्यापासून खालच्या नदीचे रूप पालटले. पश्चिमेला खारेपाटात शतकानुशतके बांध घालून खाजणाची शेते केली गेली. शिलोत्री हा त्या शेतजमिनीचा खास कुलाबी प्रकार. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर हे काम सरकारी झाले. प्रत्येक बांधाबरोबर भरतीची रेषा सरकली, उघाडीची दारे नवीन जागी आली. आज भातशेत दिसते तिथे दोनशे वर्षांपूर्वी चिखल आणि तिवरे असू शकतात. उपग्रहाच्या चित्रात खारेपाटातला एखादा चौकोनी पाणथळ तुकडा पाहून 'हाच तो जुना तलाव' म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. तो मत्स्यतळ्याचा, मिठागराचा किंवा बांध फुटून मागे राहिलेला तुकडा असण्याचा संभव कितीतरी जास्त आहे.

भरती कुठवर येत होती याला जुना साक्षीदार आहे. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघाला तेव्हा तो चौलहून नदीने वर आला आणि एका ठिकाणी उतरून पुढे निजामपूरच्या वाटेने गेला. हे ठिकाण फ्रायरच्या प्रवासग्रंथात 'एस्थेमी' असे येते. एस्थेमी म्हणजे अष्टमी, हे अभ्यासकांनी ठरवले ते केवळ उच्चाराच्या साम्यावर नव्हे. वाटेतल्या इतर मुक्कामांचा क्रम जुळतो, नदी जुळते, उतरण्याचे कारण जुळते. स्थळनिश्चिती कशी करावी याचा हा नमुना आहे. आणि याच नोंदीला आपण तिच्या लेखकाच्या मनात नसलेला प्रश्न विचारू शकतो : होडी अष्टमीपर्यंत आली, म्हणजे भरती अष्टमीपर्यंत येत होती, म्हणजे गोड्या पाण्याचा साठा त्याच्या वर, उंचावर कुठेतरी असला पाहिजे. तळ्याचा उल्लेख नसलेली ओळ तळ्याविषयी बरेच सांगून जाते.

आता नावे. रोहे तालुक्यात तळाघर आहे, तळवली तर्फे अष्टमी आहे, तळवली तर्फे दिवाळी आहे. शेजारी तर तळा हे अख्खे तालुक्याचे गाव आहे. नावावरून तळे काढण्याचा मोह इथे आवरणे कठीण. पण 'तळ' म्हणजे फक्त तळे नव्हे. डोंगराचा तळ असतो, सैन्याचा तळ असतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या गावाला तळवली म्हणायला पाण्याची गरज नाही, पायथा पुरतो. समजा नाव तळ्यावरूनच पडले. तरी ते तळे त्या गावाचे. गावाचे नाव गाव वसताना पडते आणि ते बहुधा बाजारपेठेच्या पाणीपुरवठ्याहून फार जुने असते. तळवलीच्या नावात रोह्याचे तळे शोधणे म्हणजे आजोबांच्या नावावरून नातवाचा धंदा ओळखणे. या नावांत मला 'तर्फे' हा शब्द जास्त मोलाचा वाटतो. अष्टमी एकेकाळी तरफेचे ठाणे होते आणि रोह्याइतकेच, कदाचित अधिकच, महत्त्वाचे होते, हे तो निमूटपणे सांगतो.

गावांच्या नावांवरून इतिहास वाचण्याची आपल्याकडची सवय राजवाड्यांची. 'महिकावतीची बखर' त्यांनी १९२४ मध्ये छापली, तिच्या प्रस्तावनेत उत्तर कोकणातल्या वसाहतीचा सगळा पट त्यांनी ज्या जिद्दीने उभा केला तो आजही थक्क करतो. पण राजवाड्यांच्या हाती हजारो नावे एकत्र होती. एक नाव चुकले तर बाकीची सावरून घेत. आपण एकच नाव घेतो आणि त्यावर पाच एकरांचा तलाव तोलतो.

नाव जागेपासून किती सरकते हे पाहायला जिथली जागा पक्की ठाऊक आहे अशी हरवलेली तळी तपासावीत. मुंबईत ती भरपूर आहेत. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले आणि या तळ्यांची गरज हळूहळू संपली. १९११ च्या बेंटली यांच्या अहवालाने हिवतापाचा ठपका डासांमार्फत तळी-विहिरींवर ठेवला, आणि जी उरली होती त्यांच्यावर भराव पडण्याला शास्त्राचा आधार मिळाला. आज 'धोबी तलाव' म्हणजे एक चौक नव्हे, एक अख्खी वस्ती. नावावरून पाण्याचा काठ सापडणार नाही. गोवालिया टँकची गोष्ट वेगळी. तळे बुजले, वर मैदान झाले, आणि त्या मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये जे घडले त्यामुळे त्याला नवे नाव मिळाले. पुण्यात पर्वतीचे तळे गेले आणि सारसबाग झाली. पण 'तळ्यातला गणपती' हे नाव अजून चालते आणि ते काटेकोरपणे खरे आहे, कारण देव जागचा हलला नाही.

या उदाहरणांतून मला दोन गोष्टी दिसतात. एक, वस्तीला चिकटलेले नाव पसरते, देवाला चिकटलेले नाव जागेवर राहते. दुसरी अधिक उपयोगाची : बुजवलेले तळे बहुधा सार्वजनिक जागाच राहते. मैदान, बाग, मंडई, शाळा, एस.टी. स्टँड. ती जमीन कोणाच्या मालकीची नसते, म्हणून सार्वजनिक इमारतीला तीच सोयीची पडते. तेव्हा गावातले खणलेले तळे शोधायचे असेल तर म्हाताऱ्यांना 'तळे कुठे होते' असे विचारण्यापेक्षा 'स्टँड व्हायच्या आधी तिथे काय होते' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला लोक ऐकीव गोष्ट सांगतात, दुसऱ्याला पाहिलेली.

ऐकीव गोष्टींचाही उपयोग आहे, पण वेगळ्या कामासाठी. कोकणात अनेक तळ्यांविषयी एकच कथा सांगतात : लग्नकार्याला भांडी हवी असली की आदल्या रात्री तळ्याला सांगायचे, सकाळी काठावर भांडी तयार, पुढे कोणीतरी लबाडी केली, एक भांडे ठेवून घेतले, आणि तळे रुसले. नाशिकला १९०९ मध्ये मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन हा लोककथांचा मोठा संग्राहक होता. त्याच्या टिपणांवरून एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचा खंड काढला, त्यात या जातीच्या कथा आहेत. कथा इतक्या ठिकाणी तीच असेल तर ती जागेचा पुरावा होत नाही. चौलला ३६० देवळे आणि ३६० तळी होती या वचनातला आकडाही असाच. तो मोजून काढलेला नाही, वर्षाच्या दिवसांवरून आला आहे. साती आसरांचे मात्र तसे नाही. शेंदूर फासलेले हे सात दगड पाण्याच्या काठीच मांडतात. आज कोरड्या दिसणाऱ्या माळावर किंवा शेताच्या बांधावर आसरा असतील तर तिथे कधीतरी पाणी होते, हे मी गॅझेटियरच्या ओळीइतकेच वजनदार मानतो. देवी पाण्यासाठी मांडल्या. पाणी गेले, देवी कोण उचलणार?

उलट, गडावरची टाकी जशीच्या तशी आहेत. पेणजवळच्या सांकशीच्या किल्ल्यावर कातळात खोदलेली टाकी पाहायला मिळतात. रोह्याच्या उत्तरेला अवचितगडावर बारा कोनांचा तलाव आहे. गडावर फिरणारे त्यांचे फोटो काढतात आणि मग खालच्या गावाचा 'ऐतिहासिक तलाव' म्हणून याच टाक्यांचे नाव कुठेतरी घुसते. गडावरचे पाणी गडावरच्या शिबंदीचे. ते टिकले ते त्याचे महत्त्व जास्त म्हणून नव्हे. कातळातल्या टाक्यावर कोणी प्लॉट पाडत नाही म्हणून.

आता पेण. पश्चिम बाजू बाद. ती खारेपाट आहे आणि तिथले तळे फार तर एकेका गावाचे, चैत्र-वैशाखात मचूळ होणारे. नळाचे पाणी उतारानेच येणार, पंपाने नव्हे, म्हणून साठा गावातल्या सर्वांत उंच आळीपेक्षा वर हवा. म्हणजे राहिली पूर्वेची डोंगरउतरण, जिथे ओढे डोंगरातून बाहेर पडतात त्या खिंडी. तिथेही मी पसरट तळ्याची आशा धरणार नाही. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे तळे करायचे तर मोठे करावे लागते आणि मोठ्या मातीच्या बांधाची खूण सहजासहजी जात नाही : बांध मध्ये फुटला तरी दोन्ही बाजूंचे उंचवटे समोरासमोर उभे राहतात, मधून ओढा जातो, आणि मागच्या गाळात गावातली उत्तम भातखाचरे होतात. एवढी ठळक खूण गाव विसरत नाही. जे विसरले गेले ते लहान असणार. माझा कौल दगडी भिंतीला आहे : ओढ्यात आडवी, पुरुषभर उंचीची, चुन्यात बांधलेली, आज गाळाने भरून धबधब्यासारखी दिसणारी. पेणकरांनी तळे शोधणे सोडावे आणि भिंत शोधावी.

या शोधात गॅझेटियरपेक्षा तलाठ्याचे दप्तर उपयोगी. गाव नकाशा आणि आकारबंद यांत पोटखराबा दोन वर्गांत दाखवतात. 'अ' म्हणजे खडक, झुडूप वगैरे मुळात नापीक. 'ब' म्हणजे सार्वजनिक वापरामुळे आकारणीतून सोडलेली जमीन : रस्ता, पायवाट, स्मशान, आणि लोक ज्याचे पाणी वापरतात असा ओढा किंवा तलाव. पायथ्याच्या एखाद्या सर्व्हे नंबरात ना रस्ता, ना मसणवट, आणि तरी चार-पाच गुंठे 'ब' वर्गात पडलेले असतील, तर तिथे पाय मोडेपर्यंत फिरावे. अशी एक नोंद दहा स्मरणिकांना भारी आहे.

आणि ही नुसती हौस नाही. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावतळ्यावर भराव घालून बांधलेली घरे नियमित करायला नकार दिला आणि सर्व राज्यांना गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करायला सांगितले. (ते गाव पतियाळा जिल्ह्यातले रोहर जागीर, आपल्या रोह्याशी नाव जुळते एवढाच योगायोग, आणि नावावरून काही सिद्ध होत नाही हे वर सांगितलेच.) म्हणजे 'इथे तळे होते' या वाक्याला आज कायद्याचे वजन आहे. मुंबईच्या रेट्याने पायथ्याचे सर्व्हे नंबर बिनशेती होत असताना तळ्याची चुकीची जागा दाखवणारा फलक लागला, तर खऱ्या जागेवरचे उरलेसुरले संरक्षणही जाते. कोणी विचारले तर उत्तर तयार असते : तलाव तिकडे होता, फलक पाहा.

पेण तालुक्याने पाण्याची रेषा किती महाग असते हे अनुभवले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्यावरून २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. हीच २२ का? कारण ती हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात मोडत होती. धरणाचे पाणी मोठ्या प्रमाणात नवी मुंबईकडे जात होते, शेतांत ते कागदावरच होते. तरी त्या कागदावरच्या पाण्याने बावीस गावांना आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली. रेषेबाहेरच्या गावांना ती मिळाली नाही. जलाशयाची हद्द कोणी, कुठे आणि कशाच्या आधारे आखली हा प्रश्न इथल्या माणसाला निव्वळ पुराणवस्तूंचा वाटत नाही तो यामुळे.

राहिला रोहा. तिथे एक गृहीत सोडावे लागेल. पालिकेचे नाव 'रोहा अष्टमी' असे जोडीने असल्यामुळे लिहिणारे दोन्ही गावांसाठी एकच तलाव शोधतात, आणि अवचितगडाच्या बाजूचे ओढे मोठे दिसतात म्हणून तिकडे वळतात. पण गावे दोन काठांवर आहेत आणि मध्ये भरतीची, आषाढात वेडी होणारी नदी आहे. उतारावर चालणारा साधा नळ नदीखालून किंवा नदीवरून नेणे हे त्या काळच्या छोट्या पालिकेच्या ऐपतीबाहेरचे काम. ग्रंथात 'रोह्याचा' साठा म्हटले असेल तर तो रोह्याच्याच काठावर, गावामागच्या डोंगराकडून येणाऱ्या एखाद्या वहाळावर असावा. अष्टमीची सोय अष्टमीने आपल्या बाजूच्या विहिरी-ओढ्यांवर केली असावी. 'असावा' आणि 'असावी' हे दोन्ही शब्द मी मोजून घातले आहेत. भिऱ्याचे पाणी नदीत येण्यापूर्वीचे एखादे पालिकेचे ठरावपुस्तक हाती लागले, तर त्यात नळदुरुस्तीचा खर्च कोणत्या बाजूच्या मजुरांना दिला आहे ते आधी पाहावे.